कोंडीचं नाव

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही.

त्या राज्याच्या राणीला मुलगी झाली आणि तिचं नाव ठेवलं चित्रलेखा. गावोगावी दवंडी फिरली, साखर वाटली गेली. तेव्हापासून ज्या घरी मुलगी जन्माला येई, तिथे चित्रलेखाच जन्माला येई. सोनाराची चित्रलेखा, तेल्याची चित्रलेखा, पुजाऱ्याची चित्रलेखा. जुनी नावं म्हाताऱ्यांबरोबर मागे पडली आणि ती कुणी उच्चारली तरी पोरं हसू लागली.

अशा दिवसांत एका विणकराच्या घरी मुलगी झाली. याआधी त्या घरचा पाळणा दोनदा हलला होता आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आत थांबला होता. म्हणून या वेळी मुलगी रडली तरी आई-बाप हसायला धजले नाहीत.

गावात एक म्हातारी सुईण होती. तिनं मूल पुसून उचललं, ते उंबऱ्याबाहेर नेलं आणि आईला सांगितलं, "ही आता माझी. तुला हवी असेल तर विकत घे. पण सोनं-नाणं देऊ नकोस, सूपभर कोंडा दे. ज्याला मोल नाही त्याच्याकडे काळ बघत नाही."

आईनं सूपभर कोंडा दिला आणि मुलगी परत घेतली. तिचं नाव ठेवलं कोंडी. सुईणीनं जाताना एक अट घातली. हे नाव का ठेवलं, ते मुलीला सांगायचं नाही. ती स्वतः आई होईल तेव्हाच सांगायचं. त्याआधी बोललीस, तर काळाला पत्ता लागेल.

हे खरं की खोटं, कोण जाणे. पण ज्या आईनं दोन मुलं गमावली आहेत, ती असल्या गोष्टीची परीक्षा घेत बसत नाही.

कोंडी जगली. चांगली धट्टीकट्टी झाली. तिच्या हातचं सूत तुटत नसे, आणि ती गाऊ लागली की शेजारच्या मागावरचे धोटेही तिच्या चालीवर फिरत. पण खेळायला गेली की पोरी म्हणत, "कोंडी आली, गाईला बोलवा." ती घरी येऊन आईला विचारी, की माझंच नाव असं का? आई तिच्या केसांना तेल लावू लागे. बाप तर विषय निघाला की उठून बाहेर जाई.

पुढे पुढे कोंडीनं विचारणं सोडलं. आपण आईबापांना नकोच होतो, अशी तिची समजूत झाली. ती तिनं कुणाला सांगितली नाही आणि त्यामुळे ती कुणाला पुसताही आली नाही.

ती लग्नाची झाली तेव्हा शेजारच्या गावच्या माळ्याचं स्थळ आलं. मुलगा शांत होता, मळा हिरवागार होता. सासूला मुलगी आवडली. फक्त नाव तेवढं बदलू, असं ती म्हणाली, आणि त्यात गैर काही नव्हतं. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत तेव्हाही होती. लग्नाच्या दिवशी नवऱ्यानं ताटभर तांदळात बोटानं नवं नाव लिहिलं, चित्रलेखा.

ते वाचून कोंडी आनंदानं इतकी हसली, की पाहुण्यांनाही हसू आलं. आईनं मात्र पदराच्या आड हात जोडले आणि मनात म्हणाली, देवा, नाव बदललं तरी राखण काढू नकोस.

सासरी गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की त्या गावात चित्रलेखा आधीच बऱ्याच आहेत. म्हणून बायका तिला नुसतं 'नवी' म्हणू लागल्या. तरी तिला त्याचं वाईट वाटलं नाही. कोंडीपेक्षा नवी बरं, असं तिला वाटे.

काही महिने गेले. आईला लेकीची आठवण अनावर झाली. तिनं तिळाच्या वड्या केल्या, लेकीसाठी विणलेलं एक लुगडं गाठोड्यात बांधलं आणि ती पहाटेच चालू लागली. सासरच्या गावाबाहेर नदीवर बायका पाणी भरत होत्या. त्यांच्यात तिला लेकीची पाठ ओळखू आली. तिनं काठावरूनच हाक मारली, "कोंडे, अगं कोंडे!"

बायकांनी वर पाहिलं. एक जण म्हणाली, हे कसलं बाई नाव! दुसरी तोंडाला पदर लावून हसली. कोंडीनं आईचा आवाज ओळखला होता. नुसती मान वर करायची होती. पण मान वर झाली नाही. ती घागर बुडवत राहिली, भरलेली घागर पुन्हा रिकामी करून पुन्हा बुडवत राहिली.

एका बाईनं आईला सांगितलं, की या गावात कोंडी नावाचं कुणी नाही.

आईनं लेकीच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. एका वाक्यात तिला सगळं सांगता आलं असतं. पण लेक अजून आई झाली नव्हती. "मी गाव चुकले असेन, बाई," एवढंच ती म्हणाली. वड्या तिनं त्या बायकांच्या पोरांना वाटल्या आणि गाठोडं घेऊन ती आल्या वाटेनं परत गेली.

त्या दिवसापासून नदीवर गेली की कोंडी आईच्या वाटेकडे बघत राही. 

वर्षाच्या आत तिला दिवस गेले आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. वाटेत तिनं खूप काही ठरवलं होतं. आई रागावेल, मग आपण पाय धरू, मग रडू. पण आई रागावली नाही. दारात भाकरतुकडा ओवाळून म्हणाली, "ये चित्रलेखा, दमली असशील. बस."

त्या हाकेनं ती जागीच थिजली. आई रोज तिला त्याच नावानं हाक मारी, अगदी मायेनं, जिभेला वळण लावून लावून. बापालाही तिनं तसंच शिकवलं होतं. ज्या घरात कोंडी वाढली, त्या घरात आता कोंडी म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं. एकदा ती आईला म्हणाली, की मला पहिल्यासारखी हाक मार ना. आई म्हणाली, असू दे, तुला आवडतं तेच बरं. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मग कळा सुरू झाल्या. बाळंतपण अवघड गेलं. म्हातारी सुईण केव्हाच देवाघरी गेली होती. नव्या सुईणीच्या कपाळावर घाम आला आणि कोंडीचे डोळे मिटू लागले. तेव्हा आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. जिभेचं सगळं वळण ती विसरली आणि म्हणाली, "कोंडे, जाऊ नकोस. माझे कोंडे, इथं बघ."

कोंडीनं डोळे उघडले. थोड्या वेळानं बाळ रडलं. मुलगी होती.

दोघी सुखरूप आहेत हे पाहून आईनं दार लोटून घेतलं आणि इतकी वर्षं गिळून ठेवलेली गोष्ट लेकीला सांगितली. आधीची दोन बाळं, उंबरा, सूपभर कोंडा आणि ती अट. सांगताना ती रडली नाही. ऐकणारी रडली.

"नदीवर का नाही सांगितलंस?" कोंडीनं विचारलं.

"तू जिवंत हवी होतीस," आई म्हणाली. "जन्मभर ओळख नसती दिलीस तरी चाललं असतं."

बारशाला सासरची माणसं आली. बाळाचं नाव काय ठेवायचं, यावर बायकांत चर्चा सुरू झाली. कोंडी म्हणाली, की नाव माझी आई सांगेल. सासूनं मान डोलावली. आई जरा लाजली, मग म्हणाली की हिचं नाव साळू ठेवा. साळ म्हणजे भात, धान्याचं नाव आहे, जुनं आहे, पण मला गोड लागतं. मी भीतीपोटी नाव ठेवलं होतं, तुम्ही आनंदानं ठेवा. आत्यानं बाळाच्या कानात तेच नाव सांगितलं.

सासरी परतल्यावर कोंडी बाळाला कडेवर घेऊन नदीवर गेली. तिनं बायकांना सांगितलं, "मागे इथं एक बाई कोंडी कोंडी म्हणून हाक मारत आली होती. ती माझी आई. कोंडी म्हणजे मीच. त्या दिवशी मी ओ दिली नाही, आता देईन."

एक-दोघी हसल्या. नाव कसं पडलं ते कोंडीनं सांगितलं, तेव्हा हसू थांबलं. मग त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर बाईनं घागर खाली ठेवली. तिला सारा गाव चंद्रकला म्हणून ओळखत होता. ती हळूच म्हणाली, "माझं माहेरचं नाव उकिरडी. लग्न झाल्यापासून कुणी त्या नावानं हाक मारली नाही. मारशील का गं एकदा?"

कोंडीनं हाक मारली. म्हातारीनं डोळे मिटून ओ दिली, आणि भरलेली घागर तशीच ठेवून कितीतरी वेळ पाण्याकडे बघत बसली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: नावाची शोभा ऐकणाऱ्याच्या कानात नसते, हाक मारणाऱ्याच्या मायेत असते.