लिंबोळीचं शुद्ध तेल

"मग याला भेसळ नाही तर काय म्हणायचं, आक्का?"

शिवहारने विचारले. त्याच्या एका हातात लिंबोळीच्या तेलाची बाटली होती, दुसऱ्या हातात करडईच्या तेलाची.

आक्का सुपातल्या लिंबोळ्या पाखडत राहिल्या.

"एवढ्या लिंबोळ्या वेचायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, फोडायच्या. घाण्यावर थेंब थेंब तेल काढायचं. आणि शेवटी काय, तर चमचाभर करडईच्या तेलात त्याचे दोन थेंब! दुकानदाराने केली तर भेसळ. मठाने केली की उपचार?"

"बोला ना, आक्का."

"दुसरं सूप घे," आक्का म्हणाल्या. "पाखडायला बस."

मठ म्हणजे काय, तर माळावरच्या दोन खोल्या, एक लाकडी घाणा आणि आठ कडुलिंब. आक्का तिथे कधीपासून राहतात हे गावात कोणाला आठवत नव्हते. तोंडावरच्या पुटकुळ्या, खाज, नायटा घेऊन लोक यायचे. आक्का मिसळलेले तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावायच्या आणि म्हणायच्या, उद्या या. दुसऱ्या दिवशी तिथे काही उठले नाही, तरच तोंडाला तेल. घाई असलेला माणूस वैतागून निघून जायचा. आक्का त्याला जाऊ द्यायच्या.

लावणाऱ्यानेही ते आधी आपल्या कोपराला लावायचे, असा मठाचा रिवाज होता. शिवहारला तो पोरखेळ वाटायचा. तो बी.एस्सी. झालेला होता आणि त्याच्या स्वतःच्या तोंडावर जन्मात एक पुटकुळी आली नव्हती.

तेल देण्याची पळी मात्र आक्का कोणाच्या हाती देत नसत. मठात शिकायला राहिलेला शिवहार तीन वर्षे तिची वाट पाहत होता.

त्या आठवड्यात आक्का बहिणीच्या गावी निघाल्या. जाताना पळी त्याच्या हातात दिली.

"चार दिवस तुझ्याकडं."

दुसरे काही बोलल्या नाहीत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! शिवहारने दुपारपर्यंत पळी तीन वेळा चिंचेने घासली.

शुक्रवारी एक मुलगी आली. ओढणीने सगळे तोंड बांधलेले, नुसते डोळे दिसत होते.

"आक्का हायत का?"

"मी आहे."

ती घुटमळली. मग तिने ओढणी सोडली. गालांवर, हनुवटीवर, कपाळावर पुटकुळ्याच पुटकुळ्या. काही पिकलेल्या, काही काळे डाग ठेवून गेलेल्या.

"माझं नाव कालिंदा. पंधराव्या वर्षापासून असंच हाय, दादा. बेसन झालं, टूथपेस्ट झाली, शेजारणीची क्रीम झाली. आता एसटीत कंडक्टर म्हणून लागले. सोमवारी हजर व्हायचंय." ती थांबली. "दिवसभर माणसं तोंडाकडं बघूनच तिकीट मागणार की हो."

गावात कोणीतरी तिला मठाचा रिवाज सांगितला असावा. तिने आपणच बाही वर केली आणि कोपर पुढे धरले.

शिवहारने तिचा हात बाजूला सारला.

"त्याची गरज नाही. तुम्हाला शुद्ध देतो. एक थेंबसुद्धा दुसरं काही नाही. रात्रभर तोंडाला ठेवा, सकाळी धुवा."

आधी काय लावले होते, कशाने आग झाली होती, काही म्हणजे काही विचारले नाही. बाटली भरून दिली. कालिंदाने दोन्ही हात जोडले, तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढले.

रविवारी सकाळी आक्का परतल्या. त्यांच्या पाठोपाठ कालिंदा आली.

तिने ओढणी सोडली. बिचारी आगीतून फुफाट्यात पडली होती. दोन्ही गाल लालभडक सुजलेले, जबड्याकडची कातडी सोललेली, एक डोळा अर्धा मिटलेला.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर शिवहारला बरे वाटले असते.

"दादा," ती म्हणाली, "उद्या हजर व्हायचंय."

शिवहार आक्कांकडे वळला.

"तेल शुद्ध होतं, आक्का."

"ठाऊक आहे."

"मी स्वतः गाळलं होतं. हिची कातडीच नाजूक, त्याला तेल काय करणार?"

आक्का उठल्या. बाटलीतले तेल पळीत घेतले, तळहातावर ओतले आणि आपल्या दोन्ही गालांवर चोळले. मग कालिंदाच्या शेजारी जाऊन बसल्या.

सत्तरी उलटलेल्या बाईची कातडी. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ.

"आक्का! काय करताय! जळेल ना!"

आक्कांनी त्याच्याकडे पाहिले.

"जळेल, हे तुला कोणी सांगितलं?"

शिवहारची नजर करडईच्या तेलाच्या बाटलीकडे गेली.

कोणीही सांगितले नव्हते. तीन वर्षे रोज डोळ्यांसमोर होते.

आक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण त्या हलल्या नाहीत. शिवहार रडकुंडीला आला.

"धुवा ना, आक्का. पाया पडतो."

"हिनं रात्रभर ठेवलं होतं."

"माझं चुकलं, आक्का. चुकलं माझं."

"मला कशाला सांगतोस?"

तो कालिंदापुढे जाऊन उभा राहिला. खाली मान घालून कसाबसा म्हणाला, "चुकलं, ताई."

"आता पाणी आण," आक्का म्हणाल्या. "दोघींना."

त्याने गार पाणी आणले. आधी कालिंदाच्या हातावर घातले, मग आक्कांच्या. तोंड धुऊन झाल्यावर आक्कांनी कालिंदापुढे हात जोडले.

"पळी मी दिली होती, माय. माझीबी चूक हाय. आजच तालुक्याला डॉक्टरला दाखव. इथलं काही लावू नको."

गुरूचे जोडलेले हात शिवहारला पाहवले नाहीत. त्याने पळी खुंटीला अडकवली. त्यानंतर दीड महिना तिला हात लावला नाही. झाडलोट केली, लिंबोळ्या फोडल्या, पाणी भरले. कोणी तेल मागायला आले की तो घाण्यामागे जायचा.

आक्का त्याला बोलवत नसत.

कालिंदा त्या सोमवारी तशाच तोंडाने हजर झाली होती. एका म्हातारीने तिकीट घेता घेता विचारले, "भाजलं का गं, माय?" कालिंदा हो म्हणाली आणि सुटे पैसे परत दिले. हे तिनेच पुढे कधीतरी हसत सांगितले.

दीड महिन्याने ती मठात आली. अंगावर खाकी. डॉक्टरच्या मलमाने भाजल्याचे बरे झाले होते, पण पुटकुळ्या जशाच्या तशा होत्या. आक्का आतल्या खोलीत होत्या. कालिंदा आत गेली नाही. घाण्यामागे गेली, शिवहारसमोर उभी राहिली आणि बाही वर केली.

"आक्का आत आहेत," तो म्हणाला.

"दिसल्या मला. तुम्ही लावा."

"मी?"

"डॉक्टर म्हणले, सोसलं तर पातळ करून लावा, आधी हातावर बघा. म्हणून आले."

शिवहारने मान वर केली नाही.

"मी तुमचं तोंड जाळलं, ताई."

"जाळलं की. आठ दिवस उशी लागू देत नव्हते गालाला."

"मग माझ्याकडे कशा आलात? भीती नाही वाटत?"

"वाटती," कालिंदा म्हणाली. "पण आता तुम्हालाबी वाटती. म्हणून तर तुमच्याकडं आले."

आतून आक्कांचा आवाज आला.

"पळी खुंटीला आहे."

शिवहार उठला. पळी घेतली. चमचाभर करडईचे तेल घेतले, त्यात लिंबोळीचे दोन थेंब सोडले. तिसरा सांडेल म्हणून बाटली लांब ठेवली. आधी आपल्या कोपराला लावले. मग तिच्या. त्याचा हात एवढा कापत होता की कालिंदाने दुसऱ्या हाताने त्याचे मनगट धरले.

त्या क्षणी शिवहारला काय वाटले ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला रडू आले. ज्या मुलीचे तोंड आपण सोलवटून काढले, तिनेच येऊन आपला हात सावरावा! इतके कोणी कोणासाठी करते, हे बी.एस्सी.ला शिकवत नाहीत, आणि मठातही तीन वर्षांत कोणी तोंडाने सांगितले नव्हते.

"आग होतेय का?"

"नाही."

"थोडीसुद्धा?"

"नाही हो, दादा."

"उद्या या."

"उद्या ड्युटी हाय. परवा येते."

"परवा या. तोवर तोंडाला लावू नका. मी इथेच आहे."

परवा ती आली. कोपर स्वच्छ होते. शिवहारने तरी आणखी एक दिवस थांबायला लावले. आक्का आतल्या आत हसल्या असाव्यात.

पुढे तीन महिने ती येत राहिली. दिवसाआड, घटकाभर लावायचे आणि धुऊन टाकायचे. तिचे तोंड काही पुनवेच्या चांदासारखे झाले नाही. तसे कोणाचे होते? नव्या पुटकुळ्या कमी झाल्या, जुन्या सुकल्या, काही खड्डे राहिले ते राहिले. पण एके दिवशी तिची ओढणी बसमध्येच राहिली आणि ती शोधायला कालिंदा परत गेली नाही.

मग एका दुपारी ती डबा घेऊन आली. डबा शिवहारपुढे ठेवून झाकण काढले. शेंगदाण्याच्या पोळ्या, वर तुपाचा गोळा.

"आईनं केल्यात. तुमच्यासाठी."

"आक्कांना द्या."

"त्यांना वेगळ्या दिल्यात."

खरेच, आक्का पायरीवर बसून पोळी खात होत्या.

शिवहारने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"ताई, मला नको. बरं तुम्हाला आक्कांच्या तेलानं केलं, डॉक्टरच्या मलमानं केलं. मी तर... कशाबद्दल घेऊ मी हे?"

कालिंदा डबा धरून तशीच उभी राहिली. एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा आक्कांकडे. तिच्या तोंडावरचे हसू मावळत चालले होते.

"आक्का, तुम्हीच सांगा," शिवहार म्हणाला. "कशाबद्दल घेऊ?"

आक्कांनी तोंडातला घास संपवला. बोटाला लागलेले तूप चाटले.

"ते शुद्ध तेल देताना हिला काही विचारलं नव्हतंस, शिवहार. आता घेतानाही विचारू नको."