शेजाऱ्याकडे ठेवलेला शब्द

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कुणाचं होतं असं विचाराल तर मलाही सांगता यायचं नाही. डोंगराच्या पायथ्याशी चाळीस शेतांचं एक गाव होतं. जमीन काळीभोर, भुसभुशीत. ज्वारी अशी माजायची, की उंच माणूस शेतात शिरला तरी बांधावरून दिसत नसे.

त्या गावात एक रीत होती. पूर्वी कधीतरी एका गृहस्थानं लग्नाच्या पंगतीत, दारूच्या तारेत, आपलं शेत कुणालातरी देऊन टाकलं होतं. सकाळी तो शुद्धीवर आला तेव्हा बायकापोरं उघड्यावर पडलेली. त्या दिवसापासून गावानं ठरवलं, की शेत द्यायचं की नाही हे मालकानं बोलायचंच नाही. ते शेजाऱ्यानं बोलायचं. एका बांधाला लागून असलेल्या दोन शेतांची जोडी धरायची आणि एकाच्या शेताचा शब्द दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा पहिल्याकडे ठेवायचा. चुकून शब्द दिला गेलाच, तर पहिली कुदळ पडण्याआधी तो परत घेता येई. मात्र चावडीवर, सगळ्यांच्या देखत, आपल्या तोंडानं कबूल करून.

रीत शहाण्या माणसांनी घातली होती. शेजारी नेहमी शहाणाच असणार असं ते धरून चालले, तेवढंच काय ते चुकलं.

एके दिवशी राजाचा खाणींचा कारभारी गावात आला. डोंगरात तांबं सापडलं होतं, आणि त्याची शीर थेट शेतांच्या खालून गेली होती. राजाची सक्त ताकीद होती, की गावाची रीत मोडायची नाही. कारभारी हुशार. त्यानं ती रीत दोनदा विचारून नीट समजून घेतली आणि मग तो एकेका घरी जाऊ लागला.

निंबाजी नावाचा शेतकरी ओसरीवर दोर वळत बसला होता. कारभारी त्याच्या शेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, “निंबाजी, तुझ्या शेताला आम्ही हातसुद्धा लावणार नाही. आम्हाला फक्त हौसाबाईचं शेत हवंय. तिचा शब्द तुझ्याकडे आहे ना?”

“आहे,” निंबाजी चाचरत म्हणाला. “पण म्हातारी एकटी आहे. त्या शेतावरच तिचं पोट आहे, सरकार.”

“म्हणूनच तर म्हणतो. या वयात तिनं कुठवर राबायचं? राजा तिला सांभाळील. आणि डोंगरातल्या पाण्याचा पाट तुझ्या शेतात वळवून देतो. तू शब्द दिलास हे कुणाला कळणारही नाही.”

निंबाजी दोर वळता वळता थांबला. हे चांगलं होतं की वाईट? म्हातारीला सुख लागेल म्हणावं, तर मग हे लपवायचं कशाला? नाही म्हणावं, तर दारात आलेला पाट जातोय. त्यानं दोराला उगाच तीन गाठी मारल्या आणि तो म्हणाला, “बरं.”

त्यानंतर गावात काहीतरी विचित्र घडू लागलं. लोक एकमेकांशी गोड वागू लागले! ज्या गावात बांध वीतभर सरकला म्हणून आठ-आठ दिवस शिव्यांची लाखोली चालायची, त्या गावात कुणी आवाज चढवेना. निंबाजीनं हौसाबाईच्या दारात वांग्यांची टोपली ठेवली आणि तो मान खाली घालून पळाला. दुसऱ्या दिवशी हौसाबाईनं त्याच्या घरी ताकाचं मडकं धाडलं. निंबाजी त्या मडक्याकडे बघत बसला. हिला कळलं की काय? कळलं असेल तर ताक कशाला पाठवील? आणि कळलं नसेल, तरी ताक कशाला? या म्हातारीनं आजवर त्याला पाणीदेखील विचारलं नव्हतं.

बायकोनं विचारलं, “अहो, जेवत का नाही?”

“ताक आंबट आहे,” निंबाजी म्हणाला. ताक गोड होतं.

मग एका सकाळी राजाची माणसं आली आणि शेतांत खुंट्या ठोकू लागली. निंबाजी आपल्या शेतावर गेला, तर त्याच्या उभ्या ज्वारीत चार कोपऱ्यांवर चार खुंट्या!

“अहो, चुकलात तुम्ही!” तो ओरडत धावला. “हे माझं शेत. तुमचं ते बांधापलीकडचं.”

“दोन्ही आमचीच,” खुंट्या ठोकणारा म्हणाला. “उद्या उगवतीला कुदळ पडणार.”

निंबाजी चावडीकडे पळत सुटला. तिथे बघतो तर सगळं गाव आधीच गोळा झालेलं. जो तो छाती बडवून सांगत होता, “देवाशपथ, मी माझं शेत दिलेलं नाही!” आणि गंमत अशी, की एकही जण खोटं बोलत नव्हता. चाळीसांतल्या एकानंही आपलं शेत दिलं नव्हतं, आणि चाळीसच्या चाळीस शेतं गेली होती. लोक बोटांवर हिशेब लावत होते, पुन्हा लावत होते, आणि तो काही केल्या जुळत नव्हता.

मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडला. तसा एकेक जण गप्प झाला. शेजाऱ्याला जाब विचारावा, तर आपण काय केलं तेही सांगावं लागणार. कारभारी वडाच्या पारावर पान चघळत बसला होता. कुणीच कबूल करणार नाही, याची त्याला खात्रीच होती.

हौसाबाई काठी टेकत उठली.

“निंबा, तुझं शेत मी दिलं,” ती म्हणाली. “तुझ्या म्हशीनं माझा हरभरा खाल्ला होता, त्या रागात दिलं. हा मेला म्हणाला, एकट्या निंबाचं जाईल, तुझं राहील. माझी मती फिरली. मी माझा शब्द परत घेते. थुंका माझ्या तोंडावर, पण त्याचं शेत सोडा.”

कुणी थुंकलं नाही. राजाच्या माणसांना जाऊन निंबाजीच्या शेतातल्या चारही खुंट्या उपटाव्या लागल्या.

आता नीट लक्ष द्या. निंबाजीचं शेत वाचलं होतं. हौसाबाईचं मात्र अजून गेलेलंच होतं, आणि त्याचा शब्द निंबाजीच्या तोंडात होता. कारभारी झुकून त्याच्या कानात म्हणाला, “तुझं काम झालं. आता गप बस. पाट देतो म्हणालोय, तो देतोच.”

निंबाजी गप्प बसला. खरं सांगायचं तर बराच वेळ बसला. शेत आपलं, वर पाटही आपला, मग उठवत का नाही आणि बसवतही का नाही, हे त्याचं त्याला कळेना. समोर म्हातारी काठीवर हनुवटी टेकून उभी होती. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. आपलं शेत कुणामुळे गेलं हे तिला उमगलं असणार, पण तिनं त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

निंबाजी उठला. “आत्या,” तो म्हणाला. “तुमचं शेत मी दिलं. तुम्ही रागात तरी दिलंत. मी पाटासाठी दिलं. मी शब्द परत घेतो.”

मग मात्र बांध फुटावा तसं झालं. एकेक जोडी उठू लागली, रडू लागली, एकमेकांना दोन शब्द सुनावू लागली आणि शब्द परत घेऊ लागली. दुपार कलेपर्यंत अडतीस शेतांतल्या खुंट्या निघाल्या.

उरली डोंगराला लागून असलेली दोन शेतं. ती होती दोघा सख्ख्या भावांची.

थोरला म्हणाला, “आधी त्यानं बोलावं. तो लहान आहे.”

धाकटा म्हणाला, “आधी त्यांनी बोलावं. ते मोठे आहेत.”

प्रत्येकाला भीती एकच : आपण त्याचं शेत सोडवलं आणि त्यानं आपलं सोडवलंच नाही तर? लोकांनी समजावलं. हौसाबाईनं दोघांच्या हनुवटीला हात लावला. दोघंही जमिनीकडे बघत बसून राहिले. सूर्य डोंगराआड गेला आणि सभा उठली.

दुसऱ्या दिवशी उगवतीला त्या दोन शेतांत कुदळी पडल्या. तांबं तीन वर्षांत संपलं आणि कारभारी दुसऱ्या डोंगराकडे निघून गेला. मागे एक खोल खड्डा राहिला. मधला बांधच उरला नाही, त्यामुळे कुणाचं शेत कुठून कुठवर होतं हेही ओळखू येईना. खड्ड्याच्या एका काठावर थोरला बसे, दुसऱ्या काठावर धाकटा, आणि दोघंही येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारत, “मी तर माझं शेत कधी दिलंच नाही, मग ते गेलं कसं?”

लहानथोरांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच : शेजाऱ्याची जमीन राखल्याशिवाय आपली जमीन राहत नाही.