आखाजीची नोंद

“मग बाबा, कमी काय आहे यात? तुम्हीच सांगा.”

निंबा बोरसे यांनी मोबाइल गुलाबगिरी बाबांच्या पुढ्यात धरला. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची लांबच लांब रांग होती.

बाबा नव्वदीला टेकलेले. मठाच्या ओट्यावर भिंतीला पाठ लावून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी हात पुसले, डोळे बारीक केले.

“हे काय रे?”

“माझं ब्लडप्रेशर. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. आकडा आपोआप ॲपमध्ये जाऊन बसतो. तीन वर्षं झाली बाबा, एक दिवस चुकलेला नाही.”

“गोळ्या घेतोस?”

“घेतो की. वेळेवर.”

“घेत जा,” बाबा म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

निंबांना ते जरा लागलं. पाटबंधारे खात्यातून ते उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. नाशिकहून गाडी हाकत आले होते, ते काही एवढंच ऐकायला नाही.

याच ओट्यावर बाबांनी बोट धरून त्यांना अक्षरं गिरवायला शिकवली होती. तेव्हा ओटा शेणानं सारवलेला असे, आणि समोर गिरणा उन्हाळ्यातसुद्धा वाहती असे. भर दुपारी थोरली बहीण, जिजी, फडक्यात भाकरी बांधून आणायची. एक निंबाची, एक बाबांची. स्वतःची घेऊन ती चिंचेखाली बसायची आणि धाकट्याचं पाठांतर ऐकायची. पुष्कळदा त्याच्या आधी तिचंच पाठ होऊन जाई.

आता ओट्यावर फरशी आली होती. चिंच तेवढी जागेवर होती.

“आकडे चांगले आहेत बाबा,” निंबांचा आवाज खाली आला. “डॉक्टरही खूश आहेत. पण जीव थाऱ्यावर नाही. सगळं ठीक आहे असं हे रोज सांगतं, आणि मला... खरं वाटत नाही.”

बाबांनी मान वर केली.

“मागचं सगळं दिसतं यात?”

“कुठलाही दिवस विचारा!”

“गेली आखाजी.”

निंबांनी बोटानं महिने मागे सरकवले. अक्षयतृतीया सापडली.

“एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. बघा! खाली ‘उत्तम’ असंही लिहून आलंय.”

“कुठे होतास त्या दिवशी?”

“घरीच. नाशिकला.”

“जिजी आखाजीच्या माहेरपणाला इथे आली होती.”

निंबांचं बोट पडद्यावरच थांबलं.

“तुमचं बंद घर उघडलं तिनं. झाडलं, पुसलं. दारच्या झाडाला झोका बांधून घेतला... सत्तरी ओलांडलेली बाई. मला वाटीभर रस आणून दिला. म्हणाली, निंबा येणार आहे.”

“मी फोनवर नाही म्हटलं होतं तिला.” निंबा घाईघाईनं बोलू लागले. “ऊन त्रेचाळीसवर गेलं होतं. त्यात आमरस, पुरणपोळ्या, तळण... किती मेहनतीनं ताब्यात आणलं होतं मी हे सगळं. पुढच्या वर्षी येतो म्हटलं.”

“तेही सांगितलं तिनं. तरी येईल म्हणाली.”

निंबांनी मोबाइल पालथा करून ओट्यावर ठेवला.

श्रावण लागायच्या आधीच जिजी गेली. निंबा वेळेवर पोचले होते. खांदा दिला, आल्यागेल्यांचं पाहिलं, भाच्यांना धीर दिला. कुठे काही कमी पडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी पट्टा बांधला होता. तो ठिपकाही हिरवाच होता.

“फोनवर काय म्हणाली होती रे ती?” बाबांनी विचारलं.

निंबा नदीकडे बघत राहिले. पात्रात वाळू होती, आणि मध्ये कुठेतरी पाण्याची एक बारीक रेघ.

“म्हणाली...”

त्यांचं बोट ओट्याच्या फरशीवर नुसतंच गिरवत राहिलं.

“म्हणाली, ‘निंबा, तू आलास तर माहेर. नाहीतर मी नुसती कुलूप उघडून बसलेय बघ.’”

आणि चौसष्ट वर्षांचा तो माणूस ओट्यावर, पोरासारखा, गुडघ्यांत डोकं घालून रडला. भाऊबंदांपुढे, चितेपुढे जे आलं नव्हतं, ते सगळं आलं.

बाबांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. जवळ सरकले नाहीत, समजूतही घातली नाही. नुसते बसून राहिले.

चिंचेची सावली ओट्याच्या कडेपर्यंत आली तेव्हा निंबांनी तोंड पुसलं. छातीत धडधडत होतं. कानशिलं तापली होती. सवयीनं हात पिशवीत गेला, पट्टा बाहेर आला. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली.

बाबांनी आपला सुरकुतलेला हात हळूच त्या पट्ट्यावर ठेवला.

“थांब जरा... जिजी आत्ता कुठे येऊन बसलीय.”