भाद्रपद अमावास्येचं लग्न

"मग चार महिने मी करायचं काय, उस्ताद? माशा मारत बसू?"

दिगंबरनं चपला काढता काढताच विचारलं. उस्ताद बस म्हणाले तरी तो बसला नाही.

मिरजेत स्क्रीन प्रिंटिंगवर लग्नपत्रिका छापणाऱ्या निम्म्या लोकांना बाबालाल उस्तादांनीच हे काम शिकवलं होतं. त्यांतला सगळ्यांत हुशार दिगंबर. उस्ताद असं कधी म्हणाले नव्हते. दिगंबरच गावभर सांगत फिरायचा.

उस्ताद नळाखाली एक फ्रेम धरून तिची जाळी घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चातुर्मास लागला, लग्नं थांबली. आता तुळशीच्या लग्नापर्यंत एक माणूस दुकानाची पायरी चढायचा नाही. उद्या दहाला एक जण छपाईचं टेबल बघायला येतोय. देऊन टाकतो त्याला. दरवर्षी हे असं हातावर हात ठेवून बसणं माझ्याच्यानं होत नाही."

"हं..."

"तुम्ही काहीतरी बोला की."

उस्तादांनी फ्रेम भिंतीला टेकवली. हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट.

"यंदाच्या सीझनमधली तुझी सगळ्यांत चांगली पत्रिका आहे जवळ?"

नसायला काय झालं? ती दिगंबरच्या खिशातच असायची. लाल कागद, कडेनं सोनेरी वेल. त्यानं ती ऐटीत पुढं केली.

उस्तादांनी पाहिली. मग फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातून एक पिवळी पडलेली पत्रिका काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

"यातली कुठली घेशील?"

दिगंबर वाकला. जुन्या पत्रिकेवर हिरवी वेल होती आणि तिच्या प्रत्येक पानावर मधोमध एक लाल ठिपका. चाळीसेक पानं असतील. एकही ठिपका केसभर इकडे तिकडे नव्हता.

मग त्यानं स्वतःच्या पत्रिकेकडे पाहिलं. सोनेरी रंग वेलीच्या रेषेबाहेर सरकला होता. थोडासाच. पण तीन महिने ती खिशात होती आणि त्याला ते दिसलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

"ही," तो जुन्या पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाला. "कुणाच्या हातची आहे?"

"वाच की."

नवरा-नवरीची जागा कोरी होती. खाली फक्त तिथी छापलेली. भाद्रपद अमावास्या.

"सर्वपित्रीला लग्न?" दिगंबरला हसू फुटलं. "कुठल्या शहाण्यानं..."

हसू अर्ध्यावरच राहिलं.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. असेच काम नसलेले दिवस. उस्ताद रोज त्याच्याकडून हीच वेल छापून घ्यायचे आणि संध्याकाळी त्यालाच फाडायला लावायचे. शेवटी वैतागून, उस्तादांची खोडी काढायची म्हणून त्यानं ही तिथी टाकली होती. त्या दिवशी शिव्या खायची त्याची तयारी होती. उस्ताद एक अक्षर बोलले नव्हते.

"तुम्ही ही ठेवलीत?"

"बाकीच्या फाडल्या. ही फाडवेना."

आता मात्र दिगंबर खाली बसला, ओल्या फरशीवरच.



"उस्ताद, तो हात परत येईल?"

उस्तादांनी हिरव्या शाईचा डबा उचलला, झाकण घट्ट आहे का पाहिलं, आणि तो त्याच्या मांडीवर ठेवला.

"पण उद्या तो माणूस..."

"येऊ दे. त्याला सांग, टेबलावरची शाई अजून ओली आहे."