रेवताबाईची भिंत

तुम्हा दुर्बीणवाल्यांना पाखराचं नाव हवं असतं, रंग हवा असतो, ते कुठं बसतं तेही हवं असतं. ते उद्या जिवंत राहील का, एवढंच तुम्ही विचारत नाही. तेव्हाही असंच होतं.

आजोबांच्या आजोबांनीही ही गोष्ट ऐकलेलीच होती, इतकी ती जुनी. कनेरटोल्याच्या तलावात शिंगाडे काढणारी रेवता ढिवरीण होती. तिला अक्षर येत नव्हतं. पण घराच्या लांब मातीच्या भिंतीवर तिनं गेरू-चुन्यानं अख्खा तलाव काढला होता आणि त्यात जिथल्या तिथं प्रत्येक पाखरू. शेजारी चंद्रकोरी, जितके महिने ते राहतं तितक्या. कमळपक्ष्यात अंडी नर उबवतो, म्हणून तिनं अंडी नराच्या पोटाखाली काढली. बाया हसल्या, "आमच्या घरच्यांना दाखव गं हे!" वीस वर्षं ती भिंत भरत होती, असं म्हणतात.

एकदा गावच्या जमिनीचा मालक असलेल्या मालगुजाराकडे शिकारीचे पाहुणे आले. त्यांना सारसाची जोडी हवी होती.

"रेवते, सारसाचं घरटं कुठं आहे?"

"नाही सांगत, मालक."

"नको सांगू. तुझी भिंत सांगेल. सकाळी पाहुण्यांना घेऊनच येतो."

तेव्हा रेवताला आपली चूक कळली. सगळं मांडून ठेवलं, पण बघायला कोण येईल हे मनातच आलं नव्हतं. नुसतं घरटं पुसावं, तर पुसलेली जागाच बोट दाखवणार. तिनं शेणाचा काला केला आणि पहाटेच सगळी भिंत सारवून टाकली. वीस वर्षं एका हातासरशी गेली. ती रडली असं मात्र कुणी सांगत नाही.

"हे काय केलंस?" मालगुजार ओरडला.

"मीच काढली होती, मीच पुसली. हवं तर घाला मला तलावावर बंदी!"

आणि असं म्हणतात, तेवढ्यात सगळा तलाव आभाळात उठला. टिबुकल्या, पाणकोंबड्या, बदकं, शेवटी सारसाची जोडी. पंखांच्या वाऱ्यानं पाहुण्यांचे घोडे उधळले. पाखरं ओल्या भिंतीला बिलगली आणि आपापली पावलं उमटवून गेली, प्रत्येक पाऊल वेगळ्या दिशेला. शिकारी तीन दिवस त्या पावलांमागे चिखल तुडवत फिरले. एक पीस हाती लागलं नाही.

आजही धान कापून झालं की गावच्या बाया रेवताबाईच्या नावानं एक भिंत सारवतात. पाखरू, त्याचे महिने, त्याचं खाणं, सगळं काढतात. घरटं कुणीच काढत नाही. दुर्बीणवाले येऊन वह्या भरून नेतात.

परवा त्यांतल्या एकानं चहावाल्या शेवंतामावशीला हळूच विचारलं, "मावशी, सारसाचं घरटं नेमकं कुठं हो?"

मावशीनं गाळणी आपटली. "चहा मिळेल, भजी मिळतील. घरट्याचा पत्ता रेवताबाईनं पुसलाय. तो परत काढायची इथं कुणाची टाप नाही!"