हजार नऊ भोरड्या

ज्वारीचं पहिलं कणीस माणसाआधी पाखरं चाखत, त्या काळची ही गोष्ट. भोरड्यांचा एक मोठा थवा होता, हजार नऊ जणींचा. उत्तरेकडे परतायची वेळ आली आणि कुठल्या वाटेनं जायचं यावरून त्यांच्यात भांडण पेटलं.

"सारखे थवे करू आणि आपापल्या वाटेनं जाऊ," म्होरकी केसर म्हणाली. "वाटेत ससाणे असतात. कुठल्याच थव्यात एकही जण कमी नको."

दोन थवे केले, तर एक भोरडी उरली. तीन केले, तरी एक उरली. पाच केले, तेव्हा तर चार उरल्या. सहा केले, सात केले, पुन्हा एक उरलीच. दर वेळी मागं राहायची ती ठिपकी. तिचा एक पंख अधू होता, म्हणून तिला कुणी आपल्यात घेईना.

शेवटी तीच म्हणाली, "मी इथंच राहते. मग तुमची वाटणी नीट होईल."

"होईल की," म्हातारी भोरडी म्हणाली. "हजार आठचे दोन करा, तीन करा, सात करा. पण ही असली, तर आपले सारखे भाग पडायचे नाहीत. एक तर सगळ्यांचा मिळून एकच थवा, नाहीतर प्रत्येकीनं एकटीनं उडायचं."

वर ससाणा घिरट्या घालत होता. केसरनं त्याच्याकडे पाहिलं, मग ठिपकीच्या पंखाकडे पाहिलं. ती ठिपकीजवळ जाऊन बसली.

"सगळ्या एकाच वाटेनं जाऊ," ती म्हणाली. "तू मधोमध उड गं. दमलीस की सांग."

त्या दिवशी अख्खा थवा ठिपकीच्या वेगानं उडाला.