खडकापाशी वळलेला जिना

“आणि माणसं कुठे आहेत?” माईणकर सरांनी विचारलं.

शर्वरी घोरपडेला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. पंप बनवणाऱ्या कंपनीचं हे संशोधन आणि डिझाइनचं संकुल तिनं उभं केलं होतं. शिरवळच्या माळावर काच आणि काळ्या दगडाची देखणी इमारत झाली होती. मासिकांत फोटो झळकले होते. ज्यांच्या हाताखाली ती वास्तुकला शिकली, त्या सरांना तिनं आज गाडी पाठवून बोलावून घेतलं होतं.

सकाळपासून सर पाहत होते. प्रयोगशाळा पाहिल्या, डिझाइनचा विभाग पाहिला. चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही नाही.

“माणसं ना? चला, दाखवते,” ती म्हणाली आणि त्यांना मधल्या संवाद-दालनात घेऊन गेली.

दालन खरंच भव्य होतं. छतातून उजेड झिरपत होता. शास्त्रज्ञ आणि डिझायनर यांनी एकत्र बसावं, बोलावं, त्यातून काही नवं सुचावं, म्हणून तिनं इथे जीव ओतला होता.

तिथे चिटपाखरू नव्हतं.

“जेवणाची सुट्टी आहे ना, म्हणून...”

सर कान देऊन ऐकत होते. कुठून तरी हसण्याचा गलका येत होता. ते त्या दिशेनं चालू लागले.

शर्वरी लगबगीनं त्यांच्या मागे निघाली.

“सर, तिकडे बघण्यासारखं काही नाही.”

सर तोवर मागच्या जिन्यापाशी पोचलेही होते.

बांधकामाच्या वेळी तिथे एक अजस्र खडक लागला होता. फोडता फुटेना. शेवटी जिना त्याला वळसा घालून न्यावा लागला, आणि वळणावरच्या पायऱ्या वेड्यावाकड्या, ऐसपैस होऊन बसल्या. एकाही फोटोत शर्वरीनं त्या येऊ दिल्या नव्हत्या.

त्या पायऱ्यांवर आज पाय ठेवायला जागा नव्हती. डबे उघडे पडलेले. मधोमध एक खोललेला पंप. खडकावर खडूनं काढलेल्या आकृत्या. दोघं तावातावानं भांडत होते आणि बाकीचे त्यांना हसत होते.

“सोमवारी इथे जाळी बसतेय,” शर्वरी घाईघाईनं सरांना म्हणाली. “मग कुणी बसणार नाही.”

गलका थांबला.

“जाळी?” डबा मांडीवर घेतलेल्या एका तरुण इंजिनिअर मुलीनं विचारलं. “का हो मॅडम?”

“ही जागा... चुकून झालीय.”

“असू द्या की चुकून. आमचा झडपेचा घोळ इथेच सुटला. किती महिने अडला होता. एक दिवस या इनामदारांच्या चटणीच्या डब्याचं झाकण अडकलं. सगळ्यांनी ओढून बघितलं, निघेना. आणि ओढता ओढताच यांना सुचलं, आपली झडपही अशीच अडकतेय.”

इनामदारांनी मान डोलावली.

“पण मधे एवढं मोठं दालन आहे,” शर्वरी म्हणाली. “तिथे का नाही बसत तुम्ही?”

मुलगी घुटमळली.

“तिथे बसलं की काहीतरी हुशार बोलावं लागतं, मॅडम.”

सगळ्यांत आधी सर हसले. खांदे गदगदा हलेपर्यंत हसले. इतक्या वर्षांत शर्वरीनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग ती मुलगी हसली, मग इनामदार. शर्वरीनं हसू दाबून पाहिलं, पण ते काही दबेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तीही हसली.

सरांनी चपला काढल्या आणि पायरीवर फतकल मारली. कुणीतरी त्यांच्या हातावर भाकरी ठेवली.

“चटणी घाल की त्यावर,” सर म्हणाले.

शर्वरीनं मोबाइल काढला आणि जाळीचं काम रद्द करायला सांगितलं. एकदम हलकं वाटलं तिला. आणि मग तिचा चेहरा उजळला.

“सर, पुढच्या वर्षी शेजारी दुसरी इमारत करायचीय. तिच्यात प्रत्येक मजल्यावर अशी जागा काढते. पायऱ्या मुद्दाम जरा वाकड्या. खडक बाहेरून आणता येईल. खडूसाठी एक फळी... उजेड डावीकडून... आणि डबे ठेवायला...”

सरांनी बोटावरची चटणी चाटली. शेजारची पायरी हातानं झटकली.

“बस,” ते म्हणाले.